‘पेपरात लिहा, पण मानू नका’: कन्फर्मेशनच्या वर्गातले एक प्रकरण

पार्श्वभूमी

विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी मिशनच्या काळापासूनची एक प्रोटेस्टंट मंडळी आहे. दगडी चर्च, मागे पाळकसाहेबांचा बंगला, शेजारी एकेकाळची मिशन शाळा. कुटुंबे फार नाहीत. नर्स, शिक्षक, एस.टी. आणि वीज मंडळातले नोकरदार, बरेचसे निवृत्त. उपासना मराठीत होते. तरुण संघाचा व्हॉट्सॲप ग्रुप मात्र निम्मा हिंदीत चालतो, कारण तिथे येणारे फॉरवर्ड हिंदीत असतात. माणसे ओळखू येतील असे तपशील इथे बदलले आहेत. ज्या मुलीमुळे हे सगळे सुरू झाले तिला आपण रूथ म्हणू.

रूथ दहावीत, स्टेट बोर्ड, मराठी माध्यम. विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग 2 मधला पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’. अवशेषांगे, जीवाश्म, पेरीपॅटस आणि प्लॅटिपससारखे जोडणारे दुवे, डार्विनचा नैसर्गिक निवडीचा सिद्धांत आणि शेवटी मानवाची उत्क्रांती, असा त्याचा प्रवास आहे. त्याच वर्षी ती कन्फर्मेशनच्या, म्हणजे चर्चमध्ये सर्वांसमोर आपला विश्वास स्वतः कबूल करण्याच्या विधीच्या तयारीच्या, वर्गात होती. या वर्गात सीबीएसईची मुलेही होती. एनसीईआरटीने 2023 मध्ये दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग काढून टाकल्यामुळे त्यांनी तो वाचलेलाच नव्हता. एकाच बाकावरच्या दोघांपैकी एकीला प्रश्न पडला होता आणि दुसऱ्याला तो पडायची सोयच नव्हती.

पेच

शाळेत धडा शिकवताना सर सहज म्हणाले, “काय रूथ, तुमच्या बायबलला हे चालत नाही ना?” वर्ग हसला. सरांच्या मनात खोट नव्हती, पण त्या वाक्याने मुलीला एका बाजूला उभे केले. ती बाजू तिने स्वतः अजून निवडलेली नव्हती.

त्याच आठवड्यात तरुण संघाच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. मूळ अमेरिकन, हिंदीत डब केलेला. पृथ्वी सहा हजार वर्षांची आहे, जीवाश्म नोहाच्या जलप्रलयात तयार झाले, आणि बायबलमधल्या ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकाचा पहिला अध्याय जसाच्या तसा घेतला नाही तर क्रूसालाही अर्थ उरत नाही, असा त्याचा सूर. खाली ‘आमेन’ची रांग लागली.

रूथने हे दोन्ही घेऊन कन्फर्मेशनच्या वर्गात विचारले. वर्ग घेणारे दादा बँकेत नोकरी करणारे, रविवार न चुकवणारे, मुलांसाठी पदरचे पैसे खर्च करणारे. ते म्हणाले, “पेपरात लिहा, पण मानू नका. मार्क हवेत ना?”

आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या हीच तडजोड चालत आली आहे. तिने कुणाचे वाकडे झालेले नाही, असे बहुतेक वडीलमंडळी सांगतील. रूथ म्हणाली, “म्हणजे पेपरात खोटं लिहू? आणि इथं खोटं बोलू नये म्हणून शिकू?” पुढच्या रविवारी तिने आईला सांगितले की याचे उत्तर मिळेपर्यंत ती कन्फर्मेशन घेणार नाही, कारण वेदीसमोर उभे राहून ‘मानते’ म्हणायचे तर काय मानते ते तिला कळायला हवे.

आई नर्स. तिला धड्याचे काही वाटत नव्हते, पण मुलीचे नाव यादीतून गळाले तर मंडळी काय म्हणेल, याची धास्ती होती. वडिलांनी पाळकसाहेबांना फोन केला. पाळकसाहेबांनी विषय कमिटीत ठेवला. बाहेरचे कुणीतरी बसावे म्हणून मला बोलावणे आले, ते इथून.

कोणते मार्ग समोर होते

कमिटीत पहिला सूर ‘जाऊ द्या’ असा होता. मुलगी हुशार आहे, दहावीचे वर्ष आहे, पुढच्या वर्षी घेईल कन्फर्मेशन. याला खर्च नव्हता, वाद नव्हता. पण ग्रुपवरचा व्हिडिओ तसाच राहणार होता आणि दादांचे वाक्य पुढच्या वर्षीच्या वर्गालाही ऐकवले जाणार होते.

दुसरा प्रस्ताव खुद्द दादांचा. अशा व्हिडिओंच्या धर्तीवर सेमिनार घेणारे एक वक्ते त्यांच्या ओळखीचे होते. खजिनदार याच्या बाजूने होते, पण त्यांचे कारण वेगळे होते. गावात दोन स्वतंत्र फेलोशिप, म्हणजे वेगळ्या ख्रिस्ती मंडळ्या, सुरू झाल्या आहेत, तिथले पास्टर ठामपणे बोलतात आणि आपली तरुण मुले तिकडे ओढली जातात. “आपणही ठाम बोललो नाही तर मंडळी फुटेल,” ते म्हणाले. ही भीती खरी होती. तिला हसून उडवणे चुकीचे ठरले असते.

तिसरा मार्ग सुशिक्षितांना नेहमी आवडतो. विज्ञान ‘कसे’ सांगते, शास्त्र म्हणजे बायबल ‘का’ सांगते, दोघांची शेते वेगळी, बांधावर भांडण नको. एका निवृत्त मुख्याध्यापिकेने तो सुबकपणे मांडला. मला तो अर्धाच पटतो. ख्रिस्ती विश्वास काही गोष्टी घडल्याचे सांगतो, नुसता अर्थ सांगत नाही. पुनरुत्थान घडले, असे मंडळी दर रविवारी म्हणते. मग आदाम, बायबलमधला पहिला माणूस, खरोखर होऊन गेला की नाही, हा प्रश्न रूथने विचारला तर ‘ते दुसरे शेत’ म्हणून तिला परत पाठवता येत नाही.

चौथा मार्ग पाळकसाहेबांनी जरा चाचरतच सुचवला. शास्त्र आणि पाठ्यपुस्तक, दोन्ही एकाच टेबलावर उघडून बसायचे. मुले, पालक, ज्यांना यायचे ते येतील. कुणी कुणाला हरवायचे नाही, आणि शेवटी ठराव वगैरे नाही.

निर्णयाची पहिली जागा ही होती. सेमिनार की उघडे टेबल? कमिटीने दुसरे निवडले, पण त्यात तत्त्वापेक्षा पाळकसाहेबांच्या शब्दाचा मान जास्त होता. खजिनदारांनी एक अट घातली की शाळेतल्या सरांना बोलावायचे नाही. ती मान्य झाली.

काय केले

तीन संध्याकाळी बैठका झाल्या, उपासनेनंतर, चर्चच्या मागच्या खोलीत.

पहिल्या बैठकीत पाठ्यपुस्तक बंदच राहिले. उत्पत्तीचा पहिला आणि दुसरा अध्याय मुलांनीच मोठ्याने वाचला आणि फळ्यावर क्रम लिहिला. पहिल्या अध्यायात वनस्पती, मग जलचर आणि पक्षी, मग पशू, शेवटी माणूस, नर आणि नारी एकत्र. दुसऱ्यात आधी पुरुष, मग झाडे, मग पशुपक्षी, शेवटी स्त्री. उजेड पहिल्या दिवशी, सूर्य चौथ्या दिवशी. हे सगळे लहानपणापासून पाठ असलेल्या माणसांनी दोन रकाने शेजारी शेजारी पहिल्यांदाच पाहिले. एक आजी म्हणाल्या, “देव म्हणतो पृथ्वीनं प्राणी उपजवावे. म्हणजे मातीलाच काम लावलं की.” त्यावर दादांनी लगेच ‘आपापल्या जातीप्रमाणे’ हे शब्द दाखवले. दोन्ही ओळी तिथेच आहेत आणि दोन्ही वाचल्या गेल्या.

मग पाळकसाहेबांनी थोडा इतिहास सांगितला. सूर्याआधीच्या तीन दिवसांचे काय करायचे, यावर हिप्पोचे बिशप ऑगस्टीन पाचव्या शतकाच्या सुरुवातीलाच अडखळले होते. हे आपले नेहमीचे दिवस नसावेत, असे त्यांचे मत झाले. आकाशातल्या ताऱ्यांबद्दल किंवा प्राण्यांबद्दल ख्रिस्ती माणूस शास्त्राच्या नावाने भलतेच बोलू लागला, तर ऐकणारा पुनरुत्थानाबद्दल तरी त्याच्यावर विश्वास कसा ठेवेल, असा इशाराही त्यांनी दिला होता. डार्विन यायला तेव्हा सुमारे साडेचौदाशे वर्षे होती.

‘सहा हजार वर्षे’ या आकड्याची गोष्ट मुलांना सर्वांत जास्त आवडली. आयर्लंडमधल्या आर्माचे आर्चबिशप अशर यांनी 1650 मध्ये वंशावळ्यांची बेरीज करून सृष्टीची सुरुवात इ.स.पू. 4004 ठरवली आणि पुढे ते सन इंग्रजी बायबलांच्या समासात छापले जाऊ लागले. समासातले कधी मजकुरात गेले, ते वाचणाऱ्यांनाही कळले नाही. तरीही एकोणिसाव्या शतकात भूशास्त्र पुढे गेल्यावर बहुतेक शिकलेल्या प्रोटेस्टंटांनी पृथ्वी जुनी असल्याचे मान्य केले होते. 1925 मध्ये अमेरिकेत टेनेसीतल्या डेटन गावी उत्क्रांती शिकवल्याबद्दल एका शिक्षकावर खटला चालला. त्यात उत्क्रांतीविरुद्ध उभे राहिलेले विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांनीही साक्षीत कबूल केले की सृष्टीचे दिवस चोवीस तासांचे असायलाच हवेत असे नाही. सगळे थर आणि जीवाश्म एका जलप्रलयात बसवणारी मांडणी ॲडव्हेंटिस्ट पंथातल्या जॉर्ज मॅक्रेडी प्राइस यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला केली. ती इतर पंथांत सर्वदूर पसरली 1961 नंतर, एका अमेरिकन पुस्तकामुळे. खोलीतले तीन वडील 1961 च्या आधी जन्मलेले होते. ज्याला ते बापजाद्यांची शिकवण समजत होते ते त्यांच्याहून वयाने लहान निघाले. दादा इथे गप्प झाले. रागावले नाहीत, पण वहीत काहीतरी लिहीत राहिले.

दुसऱ्या बैठकीत दगड आला. मुख्याध्यापिकाबाईंच्या घरी त्यांच्या वडिलांनी जपलेला एक तुकडा होता, नागपूरच्या टाकळीकडचा. मुठीएवढा, गारगोटीसारखा कठीण, करड्या रंगाचा. एका अंगाला गोगलगाईचा शंख, नखाएवढा, पीळ मोजता येतील इतका स्वच्छ. तो हातोहात फिरला. रूथच्या धाकट्या भावाने तो जिभेला लावून पाहिला आणि त्याबद्दल मार खाल्ला.

टाकळीचे हे शंख ज्याने जगापुढे आणले तो स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटलंडच्या फ्री चर्चचा मिशनरी. नागपुरात त्याच्या नावाचे कॉलेज आहे, पण त्याने दगड गोळा केले हे खोलीत कुणालाच माहीत नव्हते. शाळा चालवत, गोंडांमध्ये फिरत त्याने नागपूर परिसरातल्या वनस्पतींचे आणि गोड्या पाण्यातल्या शंखांचे जीवाश्म जमवले आणि लंडनच्या भूशास्त्रीय संस्थेच्या नियतकालिकात त्यावर लेख लिहिले. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याची जीवाश्म हाडेही त्यानेच गोळा केली. 1863 मध्ये तो नाल्याच्या पुरात बुडून वारला. थरांबद्दल तो भूशास्त्रज्ञांच्याच भाषेत लिहीत असे आणि रविवारी प्रवचन देत असे. पिसदुऱ्याची गोष्ट नंतरही पुढे चालू राहिली. तिथल्या डायनोसॉरच्या वाळून दगड झालेल्या शेणात गवताच्या पेशींचे सूक्ष्म अवशेष सापडल्याचे 2005 मध्ये प्रसिद्ध झाले आणि गवत डायनोसॉरांच्या काळीही होते, हे कळले. मुलांना हिस्लॉपपेक्षा शेण जास्त लक्षात राहिले, हे सांगायला नकोच.

या दगडाचे काम मात्र गंभीर होते. दख्खनचा काळा पाषाण लाव्हाचा आहे, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा. टाकळीसारख्या ठिकाणी लाव्हाच्या दोन थरांमध्ये तळ्यातल्या गाळाचा थर सापडतो. आधी लाव्हा वाहिला आणि थंड झाला. त्यावर खोलगट जागी पाणी साचले, गोगलगाई आल्या, पिढ्यान् पिढ्या जगल्या, गाळात पुरल्या गेल्या. मग पुन्हा लाव्हा आला. एका मुलाने स्वतःच हिशोब मांडला: उत्पत्तीप्रमाणे जलप्रलय सुमारे वर्षभराचा, मग त्या एका वर्षात लाव्हा थंड व्हायचा कधी, तळे भरायचे कधी आणि गोगलगाईंना पोरे व्हायची कधी? व्हिडिओला इतके नेमके उत्तर कुणी मोठ्या माणसाने दिले नसते.

माणसाचा प्रश्न त्याच दिवशी निघाला. “माकडापासून माणूस झाला तर माकडं अजून कशी आहेत?” हा नेहमीचा. आजची माकडे आपले पूर्वज नाहीत, आपले आणि त्यांचे पूर्वज सामाईक होते, हे सांगून झाले. चिंपांझीची गुणसूत्रे 48, माणसाची 46. माणसाचे दुसरे गुणसूत्र हे दोन जुन्या गुणसूत्रांच्या जोडातून झालेले आहे आणि एरवी गुणसूत्रांच्या टोकाशी सापडणारा डीएनएचा क्रम त्याच्या मधोमध जोडाच्या जागी आजही वाचता येतो. आनुवंशिकतेचा पाया घालणारा मेंडेल ऑगस्टिनियन मठातला साधू होता, हे रूथला त्याच धड्यामुळे माहीत होते. बैठक इथवर छान चालली होती. जरा जास्तच छान.

तिसऱ्या बैठकीला मागच्या बाकावर बसणारे एक गृहस्थ उठले. निवृत्त एस.टी. मेकॅनिक, आधीच्या दोन बैठकांत एक शब्द बोलले नव्हते. त्यांचा तरणा मुलगा काही वर्षांपूर्वी अपघातात गेला. ते म्हणाले, “दगड जुना असू द्या, माझं काही म्हणणं नाही. पण माणूस यायच्या आधी कोट्यवधी वर्षं जनावरं मरत होती म्हणता. म्हणजे मरण पापामुळं आलं नाही, देवानंच पहिल्यापासून ठेवलं. मग माझ्या पोराच्या कबरीवर तुम्ही वाचलं ते काय होतं, पाळकसाहेब?”

खरा प्रश्न हा होता. दोन बैठका आम्ही त्याच्या अंगणात फिरत होतो.

प्रेषित पौलाच्या रोमकरांस पत्राचा पाचवा अध्याय उघडला गेला: एका माणसाच्या द्वारे पाप जगात आले आणि पापाच्या द्वारे मरण. पौल तिथे माणसांच्या मरणाबद्दल बोलतो, गोगलगाईंच्या नाही, असे काहींनी मांडले. मना केलेल्या फळाबद्दल देवाने ‘ज्या दिवशी खाशील त्या दिवशी मरशील’ असे सांगूनही आदाम 930 वर्षे जगला, म्हणून ते मरण देवापासून तुटण्याचे असावे, हा मुद्दा रूथने मांडला. मुख्याध्यापिकाबाईंनी कॅथलिकांकडचा दाखला दिला. 1950 मध्ये पोप बारावे पायस यांनी माणसाच्या शरीराच्या उत्क्रांतीचा अभ्यास करायला मोकळीक दिली, पण आत्मा थेट देवाकडूनच, असे बजावले आणि आदाम म्हणजे अनेक माणसांचा समूह, या मताला मात्र मोकळीक दिली नाही. 1996 मध्ये जॉन पॉल दुसरे यांनी उत्क्रांतीला ‘नुसत्या गृहीतकाहून अधिक’ म्हटले, तरी तो आदामाचा गुंता सुटलेला नाही.

मेकॅनिककाका हे सगळे ऐकून म्हणाले, “बरं.” त्यांचे समाधान झाले नव्हते, हे त्यांच्या आवाजावरून कळत होते. पाळकसाहेबांनी मग युक्तिवाद सोडला. पहिल्या करिंथकर पत्रात मरणाला शेवटचा शत्रू म्हटले आहे, ते त्यांनी वाचले. ते म्हणाले, “मरण कधी आलं ते मला नीट सांगता येत नाही, काका. पण देवाला ते आवडतं असं मी कबरीवर वाचलं नव्हतं आणि आजही वाचणार नाही.” निर्णयाची दुसरी जागा ही. ते एखादे गुळगुळीत उत्तर देऊ शकले असते. दिले नाही.

काय झाले

रूथने पेपर लिहिला. त्या वर्षी कन्फर्मेशन घेतले नाही, पुढच्या वर्षी घेतले. तिचे म्हणणे असे की आदामाबद्दल तिचे अजून ठरलेले नाही, पण ठरले नसताना उभे राहता येते हे तिला काकांकडे पाहून कळले. अकरावीला तिने विज्ञान घेतले.

एक कुटुंब फेलोशिपला गेले. खजिनदार त्याचे खापर बैठकांवर फोडतात. पाळकसाहेबांच्या मते ते आधीपासूनच जायच्या तयारीत होते. मला दोन्ही अर्धे खरे वाटते. मेकॅनिककाका माणसाची उत्क्रांती मानत नाहीत, प्रभुभोजनाला पहिल्या रांगेत असतात आणि पृथ्वीच्या वयावर कुणी वाद घातला की ‘टाकळीला जाऊन ये’ म्हणतात. दादांचे मत बदललेले नाही, त्यांनी तसे स्पष्ट सांगितले. पण ‘पेपरात लिहा, पण मानू नका’ हे वाक्य त्यांनी वर्गात पुन्हा वापरले नाही. आता ते म्हणतात, “मला पटत नाही, का पटत नाही ते सांगतो, तुम्ही वाचून या.”

वेगळे काय करता आले असते

बैठकांचा क्रम उलटा हवा होता. आम्ही दिवसांचा अर्थ आणि दगडांचे वय यांपासून सुरुवात केली, कारण तिथे उत्तरे होती. मेकॅनिककाकांचा प्रश्न पहिल्या संध्याकाळी निघाला असता, तर व्हिडिओ लोकांच्या मनात का घर करतो ते तेव्हाच उमगले असते. तो व्हिडिओ भूशास्त्र म्हणून पाहिला जात नव्हता. मरणाचे आणि क्रूसाचे उत्तर देतो म्हणून तो ग्रुपवर फिरत होता.

दादांना विचारूनच बैठका ठरल्या, पण आखताना त्यांना सोबत घेतले गेले नाही. वर्ग त्यांचा, मुले त्यांची. पहिल्या बैठकीत 1961 ची गोष्ट सगळ्यांसमोर कानावर पडण्याआधी पाळकसाहेबांनी ती त्यांना घरी बसून सांगितली असती, तर बरे झाले असते. माणूस मत बदलतो तो सहसा एकट्यात. चारचौघांत तो वहीत लिहितो.

शाळेतल्या सरांना न बोलावण्याची अट घाईने मान्य झाली, असे मला वाटते. त्यांना वाद घालायला बोलवायचे नव्हतेच. पण वर्गात हसलेल्या मुलांपैकी कुणालाही हे कळले नाही की रूथच्या चर्चमध्ये गोगलगाईचा शंख हातोहात फिरला. सरांनाही कळले नाही. रूथच्या आईने नंतर पालकसभेत त्यांना ते सांगितले. ते म्हणाले, “असं होय? मला वाटलं तुमच्यात चालत नाही.” पुढच्या तुकडीला धडा शिकवण्याआधी तो दगड मागून नेऊ का, असेही त्यांनी विचारले आहे. दगड मुख्याध्यापिकाबाईंचा असल्याने निर्णय त्यांच्याकडे आहे.

ग्रुपवरच्या व्हिडिओला मात्र आजतागायत कुणी उत्तर लिहिलेले नाही. तीन संध्याकाळींना आलेली माणसे मोजकी आणि ग्रुपवर सगळी मंडळी. दोन मिनिटांचे मराठी ध्वनिमुद्रण करून टाकावे, असे कमिटीत ठरले होते. ते कुणाच्या आवाजात, यावर गाडी अडली आहे. मुले म्हणतात रूथच्या, खजिनदार म्हणतात पाळकसाहेबांच्या. माझे मत मी कमिटीला कळवले आहे: मेकॅनिककाकांना विचारून पाहा.